पन्नाशीच्या आसपास स्त्री म्हणून जगण्याची सुरुवात: आधी काय, नंतर काय

जन्मापासून पुरुष म्हणून वाढलेल्या, पण मनाने स्वतःला स्त्री मानणाऱ्या अनेक व्यक्ती हे सत्य स्वतःपाशी मोकळेपणाने कबूल करतात तेव्हा त्यांची चाळिशी किंवा पन्नाशी उलटून गेलेली असते. तोवर लग्न झालेले असते, मुले मोठी झालेली असतात, घराचे हप्ते फिटत आलेले असतात आणि रक्तदाबाची एखादी गोळी रोजच्या सवयीची झालेली असते. या विषयावरची बहुतेक माहिती विशीतल्या व्यक्तीला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असल्याने तिच्यात ना त्या गोळीचा विचार असतो, ना निवृत्तिवेतनाच्या कागदांचा, ना पंचवीस वर्षे सोबत राहिलेल्या पत्नीचा. हा लेख या वयाच्या वाचकांसाठी आहे. त्याचा रोख एकाच गोष्टीवर आहे: या वयात वेगापेक्षा क्रम महत्त्वाचा असतो. जे मागे घेता येते ते आधी करावे आणि जे मागे घेता येत नाही त्याआधी पुरेसा वेळ, पुरेशा तपासण्या आणि पुरेशी बोलणी होऊ द्यावीत.

‘आता उशीर झाला’ ही शंका जवळजवळ प्रत्येकाला येते. वैद्यकीयदृष्ट्या वयाची वरची मर्यादा नाही. डब्ल्यूपाथ या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संघटनेच्या २०२२ मधील मानकांतही संप्रेरकोपचारासाठी (म्हणजे हार्मोन घेण्यासाठी) अशी अट घातलेली नाही. तेथे प्रश्न विचारला जातो तो प्रकृतीचा आणि व्यक्तीच्या समजून-उमजून दिलेल्या संमतीचा. वेल्श लेखिका जॅन मॉरिस, ज्यांनी १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेची बातमी जगाला दिली होती, त्यांची शस्त्रक्रिया १९७२ मध्ये, वयाच्या पंचेचाळिशीच्या आसपास, कासाब्लांका येथे झाली. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ डीयर्ड्रे मॅक्लॉस्की यांनी १९९५ मध्ये, ५३ व्या वर्षी सुरुवात केली. मॉरिस यांची पत्नी अखेरपर्यंत त्यांच्यासोबत राहिली, तर मॅक्लॉस्की यांचा संसार तुटला. यातले काय आपल्या वाट्याला येईल हे आधी सांगता येत नाही, आणि म्हणूनच दोन्ही शक्यता गृहीत धरून तयारी करावी.

पहिली पायरी: स्वतःशी आणि एका तज्ज्ञाशी बोलणे

सुरुवात औषधाने करू नये, बोलण्याने करावी. पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्तींसोबत काम करण्याचा अनुभव असलेला मानसोपचारतज्ज्ञ किंवा चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ शोधावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली असून तिने लिंगविसंगतीला मानसिक आजारांच्या प्रकरणातून बाहेर काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवले आहे. म्हणजे ही भेट आपण ‘वेडे’ नाही हे सिद्ध करण्यासाठी नसते. वर्षानुवर्षे दडपलेल्या गोष्टींसोबत साठलेले नैराश्य, दारूची सवय, झोपेचा त्रास किंवा आत्महत्येचे विचार असतील, तर त्यांवर उपचार सुरू करणे आणि मनात नेमके काय हवे आहे हे स्पष्ट करणे यांसाठी ती असते. नैराश्य आहे म्हणून लिंगबदलाचा विचार खोटा ठरत नाही. पण नैराश्यावर उपचार न करता घेतलेला कोणताही मोठा निर्णय अधिक जड जातो.

‘हे खूळ डोक्यातून काढून टाकतो’ असे सांगणाऱ्या डॉक्टरकडे दुसऱ्यांदा जाऊ नये. लिंगओळख बदलून टाकण्याच्या तथाकथित उपचारांना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे. रात्री-अपरात्री मन फार ढासळल्यास १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मराठीतही बोलता येते. आपल्यासारख्या इतरांना भेटायचे असल्यास मुंबईतील हमसफर ट्रस्ट आणि पुण्यातील समपथिक ट्रस्ट या संस्था दीर्घकाळ काम करीत आहेत. अशा ठिकाणी येणारी बहुतेक मंडळी तरुण असतात, त्यामुळे प्रथम अवघडल्यासारखे वाटेल. तरीही कोणत्या डॉक्टरकडे सन्मानाने वागवले जाते, ही तेथे मिळणारी माहिती अन्यत्र सहसा मिळत नाही.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. स्त्री म्हणून जगण्यासाठी घर सोडून हिजडा घराण्यात गुरू करणे किंवा ‘निर्वाण’ (लिंग व वृषण काढून टाकण्याचा विधी) करणे आवश्यक नाही. ती एक स्वतंत्र आणि जुनी परंपरा आहे. ज्यांना ती आपली वाटते त्यांनी ती स्वीकारावी, परंतु बँकेत नोकरी करणाऱ्या किंवा शेती सांभाळणाऱ्या पन्नाशीच्या व्यक्तीसमोर तेवढाच मार्ग आहे असे मुळीच नाही. त्याचप्रमाणे सगळ्या पायऱ्या चढल्याच पाहिजेत असेही नाही. कोणी केवळ घरात आणि विश्वासातल्या मंडळींत स्त्री म्हणून वावरते, कोणी संप्रेरके घेते पण शस्त्रक्रिया करीत नाही, कोणी नाव बदलते आणि तेथेच थांबते.

दुसरी पायरी: मागे घेता येणारे बदल

औषधांआधी काही महिने कपडे, केस, त्वचा आणि नाव यांवर काम करावे. हे सगळे मागे घेता येते आणि आपल्याला प्रत्यक्षात काय सुखावते हे त्यातूनच कळते. नाव निवडताना घाई करू नये. विश्वासातल्या दोन-तीन व्यक्तींना त्या नावाने हाक मारायला सांगून ते अंगवळणी पडते का हे पाहावे.

पेहरावाबद्दल एक मत नोंदवतो. उशिरा सुरुवात करणाऱ्यांचा हमखास मोह म्हणजे हुकलेली विशी कपड्यांतून भरून काढणे. घरात तसे करण्यास काहीच हरकत नाही. परंतु रस्त्यावर लोकांचे लक्ष वेधून न घेता वावरायचे असेल, तर आपल्याच वयाच्या, आपल्याच अंगकाठीच्या स्त्रिया लोकलमध्ये, बाजारात, कार्यालयात काय नेसतात ते पाहावे. साधी सुती साडी किंवा गुडघ्याखाली येणारा कुर्ता रुंद खांद्यांना आणि उंचीला सांभाळून घेतो. तयार ब्लाउज खांद्यात आणि दंडात अडकतात, म्हणून पाठीची रुंदी नीट मापून ब्लाउज शिवून घ्यावा. आपली ओळख शिंप्याला सांगायची नसेल तर मापे घरी घेऊन कागदावर लिहून द्यावीत.

चेहऱ्यावरील केसांच्या बाबतीत मात्र या वयात खरोखर घाई करावी. लेसर हा केसांतील काळ्या रंगद्रव्यावर काम करतो, पांढऱ्या केसांवर त्याचा परिणाम होत नाही. दाढी पांढरी होऊ लागली असेल तर उरलेल्या काळ्या केसांवर लेसर लवकर करून घ्यावा. पांढऱ्या केसांसाठी इलेक्ट्रोलिसिस हाच कायमस्वरूपी उपाय आहे; त्यात एकेक केसाचे मूळ विजेने नष्ट केले जाते, त्यामुळे वेळ आणि पैसा दोन्ही अधिक लागतात. सावळ्या त्वचेवर चुकीच्या लेसरने डाग पडू शकतात, म्हणून एनडी-याग प्रकारचे यंत्र असलेल्या त्वचारोगतज्ज्ञाकडेच जावे. चार ते आठ आठवड्यांच्या अंतराने सहा ते दहा बैठका लागतात, आणि ‘दाढीचा कंटाळा आला’ एवढे कारण सांगणे पुरेसे असल्याने हे काम कोणालाही काही न सांगता सुरू करता येते. डोक्यावरचे गेलेले केस संप्रेरकांनी फारसे परत येत नाहीत; उरलेले मात्र टिकतात.

आवाजाकडे बहुतेक जण शेवटी वळतात, हे चुकीचे आहे. वयात येताना जाड झालेले स्वरतंतू इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाने बारीक होत नाहीत, म्हणजे गोळ्यांनी आवाज बदलणार नाही. तो सरावानेच बदलतो, आणि सरावाला एक-दोन वर्षे लागतात. पुरुषी आवाजाची पट्टी साधारण १०० ते १३० हर्ट्‌झ आणि स्त्रियांची १८० ते २२० हर्ट्‌झच्या आसपास असते. पण पट्टी एवढेच सगळे नसते, आवाजाचा घुमारा छातीतून चेहऱ्याकडे आणणे हे अधिक परिणामकारक ठरते. केवळ गळा आवळून उंच बोलल्यास घसा बसतो. म्हणून वाचाउपचारतज्ज्ञाकडे जावे. मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वाचा व श्रवण या विषयातील सरकारी संस्था आहे. मराठीत बोलणाऱ्याला आणखी एक सराव लागतो, कारण ‘मी आलो’ म्हणताच सगळे उघड होते. पन्नास वर्षांची ही सवय मोडण्यासाठी रोज थोडा वेळ मोठ्याने दैनंदिनी सांगावी: मी उठले, चहा केला, बाजारात गेले.

तिसरी पायरी: घरच्यांना सांगणे

विवाहित व्यक्तीने संप्रेरके सुरू करण्यापूर्वी पत्नीला सांगितले पाहिजे, याबाबत माझे मत ठाम आहे. औषधांनी स्तनांची वाढ होते, ताठरता आणि कामेच्छा कमी होते. हे तिच्याही आयुष्यात घडणारे बदल आहेत आणि ते तिने गोळ्यांच्या पाकिटावरून शोधून काढावेत, हे अन्यायाचे आहे. सांगताना तिच्याकडून त्याच संध्याकाळी आधाराची अपेक्षा करू नये. आपण या विचारासोबत तीस-चाळीस वर्षे राहिलेलो असतो, तिच्यासाठी तो पहिला दिवस असतो. ‘मग आपला संसार खोटा होता का’, ‘लोकांना काय सांगायचे’, ‘मुलीचे लग्न कसे जमणार’ हे प्रश्न येणारच. त्यांची उत्तरे तयार नसली तरी चालेल, पण ते ऐकून घेण्याची तयारी हवी. तिच्यासाठी वेगळा समुपदेशक असावा. दोघांचा एकच असल्यास ती मोकळेपणाने रागावू शकत नाही.

मुलांना त्यांच्या वयाप्रमाणे सांगावे आणि शक्य असल्यास दोघांनी मिळून सांगावे. मुलाने दहावी-बारावीच्या परीक्षेच्या तोंडावर हे ऐकावे असे कोणालाच वाटणार नाही. दोन महिने थांबल्याने काही बिघडत नाही. मुले ‘बाबा’ म्हणत राहिली तर ते सहसा अपमान म्हणून नसते, नात्याचे नाव म्हणून असते. पुष्कळ घरांत चारचौघांत वेगळी आणि घरात जुनी अशी दोन संबोधने काही वर्षे सुखाने चालतात. वृद्ध आई-वडिलांच्या बाबतीत प्रत्येक घराने आपापला निर्णय घ्यावा. ऐंशी वर्षांच्या आईला सगळे समजावून सांगणे हे कर्तव्यच आहे असे मला वाटत नाही.

वैवाहिक स्थितीचा प्रश्न कायद्याच्या अंगानेही पाहावा लागतो. पती-पत्नींपैकी एकाने लिंगओळख बदलल्यावर आधीच्या विवाहाचे काय होते, यासाठी २०१९ च्या पारलिंगी व्यक्ती हक्क संरक्षण कायद्यात थेट तरतूद नाही. समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये नकार दिला. जॅन मॉरिस यांना शस्त्रक्रियेच्या काळात त्यांच्या देशातील नियमांमुळे घटस्फोट घ्यावा लागला होता. दोघी एकाच घरात राहिल्या आणि २००८ मध्ये त्यांनी पुन्हा कायदेशीर नाते नोंदवले. आपल्याकडे भावनेच्या भरात परस्परसंमतीचा घटस्फोट घेण्यापूर्वी एका गोष्टीचा विचार करावा: घटस्फोटित पत्नीला सहसा कुटुंब निवृत्तिवेतन मिळत नाही. दोघांना एकत्र किंवा सलोख्याने राहायचे असेल तर घाईचा घटस्फोट तिचे म्हातारपण उघड्यावर टाकू शकतो. म्हणून कौटुंबिक कायद्याच्या वकिलाशी आधी बोलावे, घर आणि ठेवी कोणाच्या नावावर आहेत ते तपासावे आणि मृत्युपत्र करून ठेवावे. हिंदू कुटुंबांत वडिलोपार्जित मालमत्तेच्या बाबतीत २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलगा आणि मुलगी यांचा हक्क समान झाला आहे, त्यामुळे ‘मुलगा राहिला नाहीस, आता वाटा नाही’ असे भाऊबंदांनी म्हटल्यास घाबरण्याचे कारण नाही.

चौथी पायरी: संप्रेरके, आणि त्याआधीच्या तपासण्या

तरुण व्यक्तीपेक्षा या वयात सर्वाधिक फरक पडतो तो येथे. एंडोक्रायनोलॉजिस्टकडे (संप्रेरकतज्ज्ञाकडे) जाण्यापूर्वीच रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी, कोलेस्टेरॉल व ट्रायग्लिसराइड, यकृत आणि मूत्रपिंडाचे कार्य, प्रोलॅक्टिन, ईसीजी आणि प्रोस्टेट या पुरुषांतील ग्रंथीसाठी पीएसए ही रक्तचाचणी, या तपासण्या करून घ्याव्यात. स्वतःला किंवा जवळच्या नात्यात पायात अथवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाल्याचा, हृदयविकाराचा, अर्धांगवायूचा किंवा स्तनाच्या कर्करोगाचा इतिहास असल्यास तो लपवू नये. त्यामुळे उपचार नाकारलेच जातात असे नाही, पण औषधाचा प्रकार आणि मार्ग बदलतो. तंबाखू, मिश्री, गुटखा आणि सिगारेट मात्र सोडावीच लागते. धूम्रपान आणि इस्ट्रोजेन यांची जोडी रक्ताच्या गुठळीचा धोका वाढवते आणि तंबाखूतील निकोटीन पुढे शस्त्रक्रियेची जखम भरू देत नाही.

इस्ट्रोजेन गोळीतून, त्वचेवर लावायच्या जेल किंवा पट्टीतून अथवा इंजेक्शनातून दिले जाते. चाळिशी-पंचेचाळिशीनंतर, आणि मधुमेह, स्थूलता किंवा हृदयाचा धोका असल्यास अधिकच, त्वचेवाटे दिलेले एस्ट्राडायॉल (इस्ट्रोजेनचाच एक प्रकार) पसंत केले जाते. ते यकृतातून न जाता थेट रक्तात मिसळत असल्याने गुठळी होण्याचा धोका कमी राहतो. जेल गोळीपेक्षा महाग पडते, तरीही या वयात त्यावर झालेला खर्च मला योग्य वाटतो.

याउलट, औषधांच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय गर्भनिरोधक गोळ्या आणून खाण्याची पद्धत सर्रास आढळते, आणि ती धोकादायक आहे. माला-डीसारख्या गोळ्यांत इथिनिल एस्ट्राडायॉल असते. या रेणूमुळे गुठळीचा धोका बराच वाढतो, रक्ततपासणीत त्याची पातळी नेहमीच्या एस्ट्राडायॉल चाचणीने मोजताही येत नाही, आणि म्हणूनच लिंगबदलासाठी त्याचा वापर करू नये असे वैद्यकीय मार्गदर्शक सूचना सांगतात. विशीतली व्यक्ती यातून कदाचित निभावून जाते. बावन्नाव्या वर्षी, दिवसभर खुर्चीत बसून काम करणाऱ्या आणि साखर वाढलेल्या व्यक्तीने हा जुगार खेळू नये.

टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक दाबण्यासाठी आपल्याकडे बहुधा स्पायरोनोलॅक्टोन किंवा सायप्रोटेरोन दिले जाते. स्पायरोनोलॅक्टोनमुळे लघवीचे प्रमाण वाढते, रक्तदाब उतरतो आणि रक्तातील पोटॅशियम चढते. ज्यांना रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल चालू आहे त्यांच्यात हे पोटॅशियम आणखी चढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. या वयातील कितीतरी जण या गोळ्या घेतात, म्हणून चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी डॉक्टरांसमोर ठेवावी. आयुर्वेदिक काढे आणि चूर्णेही त्यात लिहावीत. रोजचे शहाळ्याचे पाणी आणि ‘कमी सोडियम’चे मीठ यांतही पोटॅशियम भरपूर असते, हे कोकणातल्या आणि गोव्यातल्या वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावे. सायप्रोटेरोन दीर्घकाळ मोठ्या मात्रेत घेतल्यास मेंदूच्या आवरणातील मेनिन्जिओमा या गाठीचा धोका वाढतो, म्हणून ते शक्य तितक्या अल्प मात्रेत देतात. नैराश्याचा इतिहास असल्यास तोही सांगावा.

कमी मात्रेने सुरुवात करून पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी रक्त तपासले जाते. टेस्टोस्टेरॉन ५० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आणि एस्ट्राडायॉल साधारण १०० ते २०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर राहावे, असे सर्वसाधारण लक्ष्य असते. त्याहून अधिक इस्ट्रोजेनने स्तन लवकर वाढत नाहीत, धोका मात्र वाढतो. पहिल्या एक ते तीन महिन्यांत कामेच्छा आणि सकाळची ताठरता कमी होते. तीन ते सहा महिन्यांत त्वचा मऊ होते, स्तनांखाली दुखरी गाठ जाणवू लागते आणि चरबीची जागा बदलू लागते. स्तनांची पूर्ण वाढ व्हायला दोन-तीन वर्षे लागतात. वयाने हाडांची ठेवण, उंची, हातापायांचा आकार ठरलेला असतो, तो बदलत नाही. पहिल्या काही महिन्यांत थांबल्यास बहुतेक परिणाम ओसरतात, मात्र वाढलेले स्तन पूर्णपणे मागे जात नाहीत आणि प्रजननक्षमता कायमची जाऊ शकते. अपत्य हवे असण्याची शक्यता असेल तर वीर्य आधीच गोठवून ठेवावे.

रक्ततपासणीच्या अहवालाविषयी एक सूचना. प्रयोगशाळेत ‘पुरुष’ लिहिले असल्यास काही महिन्यांनी हिमोग्लोबिन ‘कमी’ असल्याचे छापून येईल. टेस्टोस्टेरॉन उतरल्यावर ते स्त्रियांच्या मर्यादेत येते, त्याला लगेच रक्तक्षय समजू नये. अहवाल डॉक्टरांनाच वाचू द्यावा. एका पायाला अचानक सूज व दुखणे, श्वास लागणे, छातीत दुखणे, एका बाजूची शक्ती जाणे, दृष्टी अंधुक होणे यांपैकी काहीही झाल्यास मात्र दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालयात जावे आणि आपण इस्ट्रोजेन घेतो हे तेथे स्पष्ट सांगावे.

पाचवी पायरी: कागदपत्रे आणि नोकरी

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी नाल्सा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) प्रकरणात स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. २०१९ चा कायदा आणि २०२० चे नियम यांनी आखून दिलेली मूळ पद्धत अशी होती: राष्ट्रीय पोर्टलवर प्रतिज्ञापत्रासह अर्ज करायचा आणि जिल्हाधिकाऱ्यांनी ‘पारलिंगी व्यक्ती’ म्हणून प्रमाणपत्र व ओळखपत्र द्यायचे, शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकाच्या प्रमाणपत्रावर ‘स्त्री’ अशी सुधारित नोंद मागायची. या विषयावरील कायद्यात दुरुस्त्या होतात आणि त्यांना न्यायालयांत आव्हानेही दिली जातात, म्हणून अर्ज करण्याच्या दिवशी लागू असलेला मजकूर एखाद्या वकिलाकडून किंवा संस्थेकडून तपासून घ्यावा.

नावबदलासाठी राजपत्रातील प्रसिद्धी हा बहुतेक कार्यालयांना समजणारा पुरावा आहे. त्यानंतर आधार, पॅन, बँक आणि मग बाकीचे असा क्रम ठेवावा. पॅनच्या अर्जात २०१८ पासून पारलिंगी हा पर्याय आहे. आधारवर नाव दोनदा आणि लिंग एकदाच बदलण्याची मर्यादा आहे, तेव्हा ‘पारलिंगी’ की ‘स्त्री’ हे ठरल्याशिवाय ती संधी खर्च करू नये. पन्नाशीच्या व्यक्तीच्या कागदांची यादी विशीतल्या व्यक्तीपेक्षा कितीतरी लांब असते: भविष्यनिर्वाह निधी, विमा, गृहनिर्माण संस्थेचे भागपत्र, सातबारा, वाहन, पारपत्र, मुलांच्या शाळेतील पालकाचे नाव, बायकोच्या खात्यातील नामनिर्देशन. हे सगळे एका वहीत उतरवून मगच सुरुवात करावी आणि जुन्या नावाच्या कागदांचा एक पूर्ण संच कायम जपून ठेवावा. जुना खरेदीखताचा कागद आणि नवे नाव यांची सांगड घालण्यासाठी राजपत्राची प्रत वीस वर्षांनीही लागते.

राज्य शासनाच्या बहुतेक कर्मचाऱ्यांची निवृत्ती ५८ व्या वर्षी होते, आणि ‘निवृत्त झालो की मग बघू’ असा विचार पुष्कळ जण करतात. उघडपणे स्त्री म्हणून वावरणे निवृत्तीनंतर करण्यात शहाणपण असू शकते. परंतु सेवापुस्तकातील नाव बदलायचेच असेल तर ते निवृत्तिवेतनाची कागदपत्रे रवाना होण्यापूर्वी बदलून घ्यावे, नंतर एकेका नोंदीसाठी दोन-तीन कार्यालयांत खेटे घालावे लागतात. नोकरीत असताना सांगायचे असेल तर आधी मनुष्यबळ विभागातील किंवा आस्थापना शाखेतील एका जबाबदार व्यक्तीशी लेखी बोलावे आणि स्वच्छतागृह, गणवेश, ओळखपत्र व सहकाऱ्यांना सांगण्याची तारीख एवढे चार मुद्दे आधी ठरवावेत. २०१९ चा कायदा नोकरीतील भेदभावाला मनाई करतो आणि आस्थापनेने तक्रार अधिकारी नेमावा असे सांगतो.

शस्त्रक्रिया, ज्यांना हवी त्यांच्यासाठी

यात घाईला अजिबात जागा नाही. डब्ल्यूपाथच्या मानकांनुसार वृषण काढण्यापूर्वी किमान सहा महिने संप्रेरके घेतलेली असावीत. केवळ वृषण काढण्याची शस्त्रक्रिया लहान असते, तिच्यानंतर टेस्टोस्टेरॉन दाबणाऱ्या गोळ्या बंद करता येतात, आणि मूत्रपिंड किंवा पोटॅशियमचा त्रास असलेल्या ज्येष्ठ व्यक्तीसाठी ती फार उपयोगी ठरते. मात्र त्यानंतर इस्ट्रोजेन बंद केल्यास हाडे ठिसूळ होतात, म्हणून ते चालू ठेवावे लागते. योनिरचनेच्या शस्त्रक्रियेनंतर मार्ग मिटू नये म्हणून डायलेटर (मार्ग रुंद ठेवणारे साधन) वापरावा लागतो, प्रथम दिवसातून अनेकदा आणि पुढे कमी वेळा, पण वर्षानुवर्षे. ज्यांना संभोगासाठी खोल मार्गाची गरज नाही त्यांना केवळ बाह्य रचना करून घेता येते; तिच्यात गुंतागुंत कमी आणि डायलेटरची कटकटही नाही. साठीच्या व्यक्तीला शल्यचिकित्सकाने हा पर्याय स्वतःहून सांगितला नाही तर विचारून घ्यावा. शस्त्रक्रियेनंतर दीड ते तीन महिने घरात मदतीला कोण असेल, हे ठरल्याशिवाय तारीख घेऊ नये. आयुष्मान भारत योजनेत पारलिंगी व्यक्तींसाठी वार्षिक ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण २०२२ मध्ये जाहीर झाले. आपल्या जिल्ह्यात कोणते रुग्णालय ते प्रत्यक्ष देते याची चौकशी करावी लागते. अप्रशिक्षित माणसाकडून गुपचूप करून घेतलेल्या छेदनात रक्तस्राव आणि जंतुसंसर्गाने माणसे मरतात, एवढे सांगणे पुरे.

शस्त्रक्रियेनंतरही प्रोस्टेट शरीरातच राहते. इस्ट्रोजेनमुळे पीएसएचा आकडा कमी दिसतो, त्यामुळे ‘नॉर्मल’ शेरा पाहून निश्चिंत न होता लघवीला त्रास झाल्यास मूत्ररोगतज्ज्ञाला दाखवावे. पन्नाशी उलटली असेल आणि इस्ट्रोजेन पाच वर्षांहून अधिक काळ चालू असेल, तर इतर स्त्रियांप्रमाणे मॅमोग्राफी सुरू करावी. पर्समध्ये एक छोटे कार्ड ठेवावे. त्यावर सध्याचे नाव, चालू औषधे, झालेल्या शस्त्रक्रिया, प्रोस्टेट आहे ही नोंद, आणि आपण शुद्धीवर नसताना निर्णय कोणी घ्यावा त्या व्यक्तीचे नाव व दूरध्वनी लिहावा. त्या व्यक्तीला हे कार्ड दाखवून तिची संमती आधीच घ्यावी, कारण अपघात विभागात विचारला जाणारा पहिला प्रश्न ‘सोबत कोण आहे’ हाच असतो.